वादळ गेलेल्या गावात जाताना

बाळा, राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलंस ते छान केलंस. दोन वर्षांत २४० तास भरायचेत म्हणून का होईना, एक दिवस तुझी तुकडी वादळानं मोडलेल्या कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावरच्या गावात जाणार, हे मी धरूनच चालते. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ दिवेआगरच्या जवळ किनाऱ्याला लागलं आणि श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यातली घरं नि वाड्या काही तासांत उघड्या पडल्या. वर पावसाळा तोंडावर. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं, आणि २००९ च्या नोव्हेंबरातलं 'फयान' कोळीवाड्यात अजून कुणी विसरलेलं नाही. वादळं येत राहणार, तुझ्यासारखी पोरंही येत राहणार. तुमचा उत्साह मला ठाऊक आहे, म्हणून काळजीही वाटते. घर त्यांचं, वाडी त्यांची, तू फक्त जास्तीचे दोन हात. एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाच.

निघण्याआधी

१. जाण्याच्या चार-आठ दिवस आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेव – पडक्या घरात आधी गंजका खिळा भेटतो, यजमान मागाहून येतो.

२. कामाला जाड तळव्याचे बूट किंवा गमबूट, चपला फक्त अंघोळीपुरत्या – फुटक्या कौलाची कड चपलेतून आरपार जाते.

३. हातमोज्यांचे दोन जोड घे, पत्र्याला चामड्याचे आणि चिखलाला रबरी – एकाच जोडावर भागवलंस तर दुसऱ्या दिवशी ओल्या मोज्यांत फोड घेऊन बसशील.

४. रोजचं काही औषध असेल तर ठरल्या दिवसांपेक्षा आठवडाभराचं जास्त ने – रस्ता एका आडव्या झाडानं बंद होतो आणि औषधाचं दुकान तालुक्याला असतं.

५. सोसायटीतून जुन्या कपड्यांची पोती गोळा करू नकोस. ताडपत्री, दोरखंड, खिळे, विजेरी, करवतीची पाती ने – पोती उतरवायला, निवडायला आणि शेवटी जाळायला गावचीच माणसं लागतात. नको ते दान, उचलणाऱ्याला ताण.

६. सामान भरण्याआधी सरपंचांना किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना फोन कर आणि काय हवंय ते त्यांच्या तोंडून लिहून घे – नाहीतर एका गावात मेणबत्त्यांचे दहा खोके आणि शेजारच्या गावात एकही काडेपेटी नाही, असं होतं.

७. तुकडीचा शिधा तुकडीनं न्यावा, मिठापासून गॅसच्या शेगडीपर्यंत – छप्पर गेलं त्या घरातला तांदूळही भिजलेला असतो, आणि तरी ती माउली तुला पानावर बसवल्याशिवाय राहणार नाही.

८. गावचा रस्ता, आरोग्य केंद्र, तुकडीप्रमुखांचा नंबर असं सगळं वहीत हातानं लिही आणि सुटे पैसे जवळ ठेव – वादळात विजेचे खांब आणि मोबाइलचे टॉवर बरोबरच झोपतात, मग फोनमधलं पाकीटही उघडत नाही.

पोचल्यावर

९. पहिल्या दिवशी कुदळ उचलायची घाई नको. गावातलं कुणीतरी बरोबर घेऊन खालच्या आळीपासून वरच्या पाखाडीपर्यंत फिरून ये – आधी बघून घातला हात, तर कामाला येते बरकत.

१०. सगळ्यात लांबच्या वाडीपासून यादी करायला घे – रस्त्यालगतच्या घरापाशी प्रत्येक गाडी थांबते. मदत रस्त्यानं येते, गरज पाखाडीच्या टोकाला बसून राहते.

११. मुक्कामाला जिल्हा परिषदेची शाळा मिळाली तर आधी छपराचे वासे आणि भिंतींच्या भेगा बघ, मग पथारी टाक – मदतीला आलेल्यांनाच बाहेर काढायची पाळी गावावर येऊ नये.

१२. रोज सकाळी बूट उलटे करून आपट आणि अंथरूण झटक – आमच्याकडचा लाल विंचू असल्याच आडोशाला शिरतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी प्राझोसिनचा उपचार दाखवून दिला म्हणून त्याच्या दंशातून आज माणसं वाचतात, पण त्यांच्या संशोधनाचा पडताळा तू घ्यायला हवा असं नाही.

१३. साप दिसला की काठी शोधू नको, दोन पावलं मागे हो आणि गावकऱ्याला हाक मार – फुरसं हातभरच असतं, पाल्याच्या रंगात मिसळून जातं, आणि मारायला वाकलेल्याचाच हात त्याच्या टप्प्यात येतो.

१४. दंश झालाच तर आवळणं, चिरणं, चोखणं काही करायचं नाही. अंगठी-कडं काढ, माणसाला निजव, चावलेला हात-पाय हलू देऊ नको आणि १०८ ला फोन लाव – धावपळीनं विष लवकर पसरतं. सर्पदंशावरचं प्रतिविष कुठल्या दवाखान्यात आहे, हे पहिल्याच संध्याकाळी विचारून वहीत लिहून ठेव.

१५. विहिरीत जलसुरक्षकानं टीसीएल पावडर टाकून तासभर झाल्याशिवाय ते पाणी वापरू नको, आणि पिण्याचं तर उकळूनच घे – वादळात विहिरीत काय काय पडलंय, हे वरून वाकून दिसत नाही.

१६. पायाला खरचटलं असेल तर साचलेल्या पाण्यात उतरायचं काम दुसऱ्याला दे – उंदराच्या मुतातून आलेला लेप्टो अशाच जखमेतून शिरतो. घरी परतल्यावर ताप आला तरी डॉक्टरांना आपणहून सांग, की चिखलात काम केलंय.

१७. जमिनीवर लोळणारी तार जिवंतच समजायची, महावितरणचा लाइनमन 'बंद आहे' म्हणेपर्यंत – तिच्यावरून उडी मारणं हे शौर्य कॉलेजच्या गॅदरिंगसाठी ठेव.

१८. कुणी घराच्या वायरिंगला जनरेटर परस्पर जोडत असेल तर गोडीनं थांबव – ती वीज उलटी लाइनीत जाते, आणि तिकडे खांबावर कुणाचा तरी मुलगा चढलेला असतो.

पडझड उचलताना

१९. पंचनामा होईपर्यंत काही हलवू नको. हलवणं भागच असेल तर आधी चारी बाजूंनी फोटो काढ, घरमालकाला त्यात उभं कर आणि तारीख लिही – तुझी झटपट झाडलोट त्यांच्या नुकसानभरपाईवरून झाडू फिरवून जाईल.

२०. मालकिणीला विचारल्याशिवाय एकही वस्तू कचऱ्यात टाकू नको – तुला दिसतं ते फुटकं जातं, तिला त्यात सासूचा हात दिसतो. विचारून उचललेलं ओझं दोघांनाही हलकं.

२१. ढिगाऱ्यात हात घालायच्या आधी लांब काठीनं ढोसून, आवाज करून घे – आत जे कोण वस्तीला आलंय, त्याला आधी बाहेर पडू दे.

२२. कौलं ओळीनं उभं राहून हातोहात उतरवा आणि शाबूत असतील ती कडेवर उभी लावून ठेवा – आडव्या थप्पीत खालची कौलं वरच्यांच्या वजनानं तडकतात. नव्या कौलाचा साचा जुन्याला बसेलच असं नसतं, म्हणून एकेक शाबूत कौल राख.

२३. फुटक्या सिमेंटच्या पत्र्यांवर आधी पाणी मार, तोंडाला चांगला मास्क बांध, आणि ते आणखी फोडू नको किंवा कोरडे झाडू नको – जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

२४. वाकून अडकलेल्या फांदीवर कोयता चालवायचा तो जाणत्यानंच, आणि यांत्रिक करवतीला तर तू हातही लावू नको – दाबून धरलेली फांदी सुटली की सपकन उसळते, आणि तोंड नेहमी जवळच असतं.

२५. जुन्या घराचे वासे, आढं, चौकटी सरपणाच्या ढिगात जाऊ देऊ नको. खिळे उपटून डब्यात टाक आणि लाकूड आडोशाला रच – त्या जाडीचं जून लाकूड आता विकत घ्यायचं म्हटलं तर छपराच्या निम्मे पैसे तिथेच जातील.

२६. दिवसाचं काम संपलं की करवंट्या, शहाळ्यांची टरफलं, डबे, टायर पालथे घालूनच परत ये – पाऊस पडला की आठ दिवसांत त्यात डेंगीचा डास तयार होतो, मग डॉक्टरांची तुकडी वेगळी बोलवावी लागते.

छपराच्या कामात

२७. सुतार 'चढ' म्हणाला तरच चढ, आणि छप्पर ओलं असेल तर तो म्हणाला तरी नको – खाली कौल द्यायलाही माणूस लागतोच, आणि तिथून पडायला होत नाही.

२८. सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवायचा तो बोल्टांच्या ओळीवर, तोही फळी टाकून – बोल्ट आहे तिथे खाली लाकूड आहे. दोन ओळींच्या मध्ये फक्त तुझा भरवसा आहे.

२९. ताडपत्रीवर दगड ठेवून मोकळं होऊ नको. तिच्या कडा लाकडी पट्टीला गुंडाळ आणि ती पट्टी वाशाला घट्ट बांध – दगड ठेवलेली ताडपत्री रात्रीच्या पहिल्या सरीला फडफडते, आणि दगड खाली झोपलेल्यांवर येतात.

३०. पत्रे बसवताना हूकबोल्ट आणि वॉशर वापरायचा आग्रह धर, कडेच्या रांगेत नि कोपऱ्यांत ते जवळजवळ घ्यायला सांग – वारा छपराला सगळ्यात जोरानं ओढतो तो कडेला आणि कोपऱ्याला. आज ढिला बोल्ट, उद्या पत्रा शेजारच्या रानात.

३१. वासे भिंतीला लोखंडी पट्टीनं जखडलेत का, एवढं मिस्त्रींना विचार – वादळी वारा छप्पर वरून दाबत नाही, खालून शिरून उचलतो. नुसत्या वजनावर बसलेलं छप्पर म्हणूनच उडतं.

३२. पडवीचं छप्पर मूळ छपरापासून सुटं ठेवता येईल का, तेही विचारून बघ – वारा आधी पडवीत घुसतो. दोन्ही एकच असली तर पडवी जाताना माजघराचंही छप्पर घेऊन जाते.

३३. कुणी सगळंच नव्यानं बांधत असेल तर चौपाखी छपराची गोष्ट काढ – दुपाखी घराच्या उंच त्रिकोणी भिंतीवर वारा सरळ आदळतो, चौपाखीवर चारी बाजूंनी उतार असल्यानं तो निसटतो. पण खर्च त्यांचा, निर्णयही त्यांचा. गोष्ट काढून गप्प बस.

३४. घरमालकाची गणपतीची घाई समजून घे, पण बोल्ट कमी करू देऊ नको – चाकरमानी यायच्या आत घर सारवून-रंगवून हवं असतं, म्हणून रंगाला पैसे निघतात आणि वॉशर राहून जातात.

वाडीत

३५. वाडीत शिरताना वाडीवाल्याच्या मागून चाल आणि तो सांगेल तेच तोड – वर माड, खाली पोफळी, पोफळीवर मिरीचा वेल, मध्ये जायफळ, असं सगळं एकमेकांच्या सावलीला धरून असतं. एक माड आडवा झाला की खालची चार झाडं जातात, आणि उरलेल्या पोफळींची खोडं उन्हानं भाजतात.

३६. पडलेलं झाड कापायच्या आधी मोज, बुंध्यावर चुन्याची खूण कर आणि वाडीवाल्यासमोर वहीत लिही – 'निसर्ग'नंतर सरकारनं माडामागे २५० आणि पोफळीमागे ५० रुपये अशी झाडावर मदत ठरवली, कारण गुंठ्यांच्या वाडीत हेक्टरी हिशेब फार तोकडा पडतो. झाडावर पैसे असले की मोजणीतली चूक थेट खिशातून जाते.

३७. झावळ्या मोडलेला उभा माड 'मेला' म्हणून तोडायला निघू नको – माडाला वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. तो हिरवा असला तर नवी झावळी फुटते. काही महिने वाट बघायला कुणाचं काय जातंय?

३८. पडलेले बुंधे वाडीतच कुजत पडू देऊ नको, तुकडे करून बाहेर काढायला मदत कर – कुजक्या बुंध्यात आणि शेणखतात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि तयार झाला की उभ्या माडांचे शेंडे पोखरतो. वादळ एका दिवसाचं, भुंगा तीन वर्षांचा.

३९. उभ्या माडाच्या बुंध्यावर कोयत्यानं खाचा पाडू नको आणि गंमत म्हणून नाव तर अजिबात कोरू नको – ताजी जखम म्हणजे सोंड्या भुंग्याला आत शिरायची वाट.

४०. कलंडलेलं आंब्याचं कलम अजून मुळं धरून असेल तर ते वाचवण्यावर सकाळ घाल: फांद्या हलक्या करायच्या, दोरानं हळूहळू सरळ करायचं, टेकू द्यायचा, मुळांवर माती ओढायची आणि कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची – नवं कलम लावून पेटी भरेपर्यंत पोराचं लग्न होतं.

४१. नवी लागवड करताना अंतर दोरीनं मोज, माडाला साडेसात मीटर आणि पोफळीला २.७ मीटर – रोपं लहान असताना जागा उगाच मोकळी वाटते आणि मध्ये दोन जास्त खोचायचा मोह होतो. आज दाटी, उद्या फळाची तुटी.

४२. पोफळीचं रोप उघड्यावर लावायचं असेल तर आधी केळी लाव आणि तिच्या सावलीत रोप घाल – माडांची सावली गेलेल्या वाडीत कोवळं रोप एका उन्हाळ्यात होरपळतं.

४३. 'फुकट मिळाली' म्हणून कुठलीही रोपं नेऊ नको. दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे, तिथे विचार – श्रीवर्धन रोठा या जातीचं नाव वाडीवाले उगाच घेत नाहीत. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे चुकीच्या रोपाची चूक कळेपर्यंत तू नोकरीला लागलेला जीव असशील.

समुद्राच्या बाजूला

४४. गुंतलेलं जाळं दिसलं तर कापायला सुरी काढू नको आणि त्याच्यावरून चालूही नको – तुला तो नायलॉनचा गोळा वाटतो, घरच्यांचा तो वर्षाचा धंदा असतो. धर म्हटलं तर टोक धरून उभं राहा, गाठी सोडवणारे हात त्यांचेच असू दे.

४५. कोळीवाड्यात काम ठरवताना घड्याळाआधी भरती-ओहोटी विचार, आणि १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी ध्यानात घे – बंदीत होडी वर ओढलेली असते तेव्हाच तिची डागडुजी उरकते. बंदी उठल्यावर फावडं घेऊन गेलं तर घरात फक्त आजी भेटेल.

४६. बायकांना वेगळं विचार, सुकी मासळी किती गेली आणि बोंबील वाळवायचे बांबू उरलेत का – होडी नि इंजिन यादीत सहज येतं. सुकटीचे डबे तिथवर पोचत नाहीत, आणि पावसाळ्यातलं घर त्याच डब्यांवर चालतं.

४७. किनाऱ्यावर झाडं लावायचा उत्साह आला तर आधी वनखात्याला आणि गावाला विचार – वेळास, आंजर्ल्याकडे वाळूत कासवं अंडी घालायला येतात. त्या वाळूवर सुरूची रांग लावलीस तर एकाचं भलं करताना दुसऱ्याचं घर मोडशील.

कागदपत्रांत

४८. भिजलेली कागदपत्रं उन्हात टाकू नको, इस्त्रीही फिरवू नको. कोऱ्या कागदांमध्ये ठेवून सावलीत सपाट वाळव – उन्हानं शाई उडते, इस्त्रीनं लॅमिनेशन वितळतं आणि रेशनकार्डाचा पापड होतो.

४९. सातबारा बघताना त्यावर नावं किती आहेत ते मोज – कोकणात एका वाडीला पणजोबांपासूनचे वीस हिस्सेदार, त्यातले पंधरा मुंबईला. संमतीपत्रं लागणार असतील तर सगळ्यांना फोन लावून द्यायचं काम तू कर. तुझ्या अख्ख्या आठवड्यातलं सगळ्यात मोलाचं काम तेच ठरेल.

५०. बँकेचा खातेक्रमांक पासबुकावरून उतरवून झाला की एकानं मोठ्यानं वाचावं आणि दुसऱ्यानं बोट ठेवून तपासावं – मदत थेट खात्यात येते; एक आकडा चुकला की म्हाताऱ्या माणसाला तालुक्याच्या चार खेपा पडतात.

५१. कुणाच्या आधारकार्डाचा, पासबुकाचा फोटो आपल्या फोनमध्ये ठेवू नको. त्यांच्याच घरच्याच्या फोनमध्ये काढून दे – विश्वासानं हातात दिलेला कागद तुझ्या ग्रुपवर फिरायला लागला, तर पुढच्या तुकडीला कुणी ओटीवर घेणार नाही.

५२. 'मिळेल हो आजी, नक्की मिळेल' असं कधी म्हणू नको; 'अर्ज इथे दिलाय, ही पोच' एवढंच सांग – तू आठ दिवसांनी जाशील, तुझ्या शब्दावर त्या वर्षभर बसतील.

माणसांत

५३. गेल्या गेल्या 'किती नुकसान झालं?' विचारू नको, 'आज आधी काय उरकायचं?' असं विचार – पहिल्या प्रश्नाला माणूस रडून दाखवतो, दुसऱ्याला कामाला लागतो.

५४. वयानं मोठ्या प्रत्येकाला 'काका, काकू, आजी, अहो' म्हण, आणि आजी तुला 'मेल्या' किंवा 'गो बाये' म्हणाली तर खूश हो – कोकणात शिवी लागली म्हणजे माणूस घरातला झाला.

५५. चहाला नाही म्हणू नको, पण अर्धा कप माग – दहा घरांत दहा अर्धे म्हणजे पाच कप. त्यांचा मान राहतो आणि तुझी झोपही. जेवायला कुळथाची पिठी नि उकड्या तांदळाचा भात असेल तर 'मासे नाहीत का?' हे तोंडातून निघता कामा नये.

५६. म्हातारं माणूस बोलायला लागलं की फावडं खाली ठेव आणि बस – घरातली तरणी माणसं मुंबईला, वाडीतली झाडं आडवी. ऐकायला उरलंय कोण? ऐकण्याचे तास २४० मध्ये धरायला मी सांगेन तुझ्या सरांना.

५७. तुकडीतल्या मुलींनी बचत गटाच्या बायकांशी दार लावून एकदा बोलावं – न्हाणीघराचा आडोसा उडाला, पॅड संपले, अंधारात शौचाला जायची भीती वाटते, या गोष्टी सरपंचांसमोरच्या बैठकीत निघत नाहीत.

५८. वाटपाचे फोटो काढू नको, आणि कामाचे काढायचे तर विचारून – ताडपत्री घेताना मान खाली घातलेला माणूस कालपर्यंत चार गडी कामाला लावणारा वाडीवाला होता. हात देताना कॅमेरा, की मदतीचा होतो तमाशा.

५९. गावात दोन गट असणारच. कुठल्याच ओटीवर बसून दुसऱ्या ओटीची गोष्ट ऐकून घेऊ नको, आणि कोळीवाडा, मोहल्ला, बौद्धवाडी, आळी सगळीकडे सारखीच पावलं पडू देत – तू कुठल्या घरी किती वेळ बसतेस किंवा बसतोस, हे अख्खं गाव मोजत असतं.

६०. अंग दुखत असेल, रात्री झोप लागत नसेल, उगाच रडू येत असेल तर तुकडीप्रमुखांना सांग आणि एक दिवस स्वयंपाकाला थांब – दमलेल्या हातातली कुदळ पायावरच पडते, आणि भाकरी भाजणं हेही मदतकार्यच.

निघताना

६१. उसनी आणलेली कोयती, शिडी, घमेली धुऊन, मोजून, ज्याची त्याला हातात दे – 'शाळेत ठेवलंय, घ्या तिथून' म्हटलं की शिडी हरवते आणि पोरं लक्षात राहतात.

६२. कुठलं काम अर्धं राहिलंय ते घरमालकाला आणि सरपंचांना तोंडी सांग, लिहूनही दे – अर्ध्या छपराची लाज वाटून गुपचूप निघालात, तर ते पुरं झालंय असं समजून त्याखाली कुणीतरी झोपेल.

६३. गणपतीच्या आधी एकदा आणि दिवाळीत एकदा फोन कर, आणि फोनवर 'आठवण येते' यापेक्षा 'संमतीपत्रं आली का, हप्ता जमा झाला का' हे विचार – गोड बोलणारे पुष्कळ असतात, पाठपुरावा करणारं कुणी नसतं.

६४. ती वही कपाटात टाकू नको; घरवार काय झालं, काय राहिलं, कुणाचं कलम वाचलं हे नीट उतरवून पुढच्या वर्षीच्या तुकडीच्या हातात दे आणि पहिल्या खेपेला स्वतः बरोबर जा – माड-पोफळी धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि तुमच्या योजनेची वर्षं दोनच. गावानं दर वर्षी नव्या पोरांना पहिल्यापासून सगळं सांगत बसावं, एवढा वेळ त्यांना नाही. त्यांना वाडी करायचीय.

– तुझी आत्या